नदीकडची भिंत

पंपघर दुरुस्त करून मंडळाची कचेरी तिथेच हलवायची असं ठरलं, तेव्हा हॅकेट्स लँडिंगमधल्या निम्म्या लोकांनी जपणूक मंडळाला वेड्यात काढलं. तशी ही मंडळी गावाला आधीपासूनच जरा चक्रम वाटायची. कुणी घराच्या खिडक्या बदलायला काढल्या की हे दारात हजर. जुनी चौकट काढू नका, जुनी काच फोडू नका, पायरीला रंग फासू नका. लोक वैतागायचे, पाठीमागे शिव्या घालायचे आणि शेवटी ऐकायचेही. एवढं असून मंडळाची स्वतःची कचेरी मात्र लॉन्ड्रीच्या मागच्या एका खोलीत होती आणि तिथल्या खिडक्या चक्क प्लास्टिकच्या होत्या. त्यावरून गावानं इतकी वर्षं टिंगल केली की सांगायची सोय नाही.

मंडळाची अध्यक्ष होती विल्मा केलर. सत्तरी ओलांडलेली, ठेंगणी, बोलायला फटकळ. बिचारे आणि बिचाऱ्या हे शब्द तिच्या तोंडी कधी यायचे नाहीत. एखाद्यानं जुन्या विटेच्या घराला सिमेंट थापलेलं दिसलं की रस्त्यात गाठून त्याची हजेरी घ्यायची. पण पंपघराचा विषय निघाला की तिचा आवाज खाली यायचा, आणि गावातल्या प्रत्येकाला त्याचं कारण ठाऊक होतं.

पंपघर नदीला अगदी खेटून आहे. कधीकाळी सगळ्या गावाचं पाणी तिथून चढायचं. पुढे टेकडीवर नवी टाकी झाली, पंप भंगारात गेले आणि इमारत रिकामी पडली. नदीकडच्या भिंतीतला चुना झडून गेला, दोन विटांच्या मधे बोट जाईल अशा फटी पडल्या. नगरपालिकेनं पाडायचं ठरवलं. तेव्हा विल्माचा नवरा ऑगस्ट, म्हणजे गावाचा ऑगी, तिशीतला गवंडी होता. तो सभेत उभा राहिला आणि म्हणाला, भिंत मी बांधून देतो, पैसा नको, पण इमारत पाडू नका. त्या उन्हाळ्यात दिवसभर दुसऱ्याची कामं करून संध्याकाळी तो परांचीवर लोंबकळत नदीकडच्या भिंतीच्या विटांमधल्या सगळ्या दरजा भरत बसायचा. त्यानं बाजारातलं सगळ्यात कडक सिमेंट आणलं होतं. विल्मा काठावर पोर मांडीवर घेऊन बसायची, आणि ऑगी वरून ओरडून सांगायचा, की नदी आटेल एक वेळ, पण ही दरज उकलायची नाही.

इमारत वाचली. त्या सभेला जमलेल्या माणसांतूनच पुढे जपणूक मंडळ निघालं. गाव त्या भिंतीला ऑगीची भिंत म्हणायला लागलं. आणि ऑगीनं जन्मभरात शाळा बांधली, दवाखाना बांधला, निम्म्या गावाची धुराडी बांधली, पण कुणी विचारलं की सांगायचा ते त्या भिंतीबद्दलच.

आता तो ऐंशीला आला होता. जन्मभर विटेची धूळ खाऊन छाती कामातून गेली होती. पुढच्या खोलीत ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरायचं आणि नाकाला लावलेली लांब नळी घरभर त्याच्या मागे फिरायची. तरी मिजास तीच. सकाळी जिना उतरून यायचा, विल्माच्या सूपला नावं ठेवायचा, तिनं खारट म्हटलं तर आळणी म्हणायचा. दोघांची दिवसभर जुंपलेली असायची, आणि दोघांनाही त्यातच बरं वाटायचं. डॉक्टरनं विल्माला बाजूला घेऊन सांगितलं होतं, नाताळ दिसला तर नशीब समजा.

कामासाठी मंडळानं बाहेरगावची एक वास्तुतज्ज्ञ नेमली, नदीन प्रूट नावाची. पस्तिशीतली, उंच, कायम गमबूट घातलेली. तिनं आठवडाभर पंपघराचा कानाकोपरा ठोकून पाहिला आणि सप्टेंबरच्या सभेत टेबलावर एका विटेचा तुकडा ठेवला. विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटलं होतं, आतला लाल भुगा हाताला लागत होता.

नदीन म्हणाली, "या विटा मऊ आहेत, हातानं पाडलेल्या. पाऊस प्यायचा आणि चुन्याच्या दरजेतून बाहेर टाकायचा, हा त्यांचा धर्म. तिथे कुणीतरी सिमेंट ठासलंय. पाणी आत जातंय, बाहेर यायला वाट नाही. थंडीत ते गोठतं आणि विटेला आतून फोडतं. ज्यानं कुणी हे केलं, त्यानं भिंत मारून टाकली."

उपाध्यक्ष लोवेल स्टाउट, बँकेतून निवृत्त झालेला सरळमार्गी माणूस, कॉफीत साखर ढवळायला लागला. तो साखर घेत नसे. नदीनला वाटलं, हिशेबाची चिंता पडली असेल. तिनं पुढे सांगितलं, की अजून हाताबाहेर गेलेलं नाही. खालच्या थरांतलं सिमेंट आत्ताच छिन्नीनं, हलक्या हातानं काढायचं, भिंत वाळू द्यायची आणि थंडी पडायच्या आत चुना भरायचा. पण हे याच महिन्यात व्हायला हवं. चुन्याला थंडी सोसत नाही, एकदा दहिवर गोठायला लागलं की मे महिन्यापर्यंत हात लावता येणार नाही.

विल्माला यातलं काही नवीन नव्हतं. तीस वर्षं ती लोकांना हेच ओरडून सांगत होती. भिंतीच्या पायथ्याशी दर वसंतात पडणारा लाल भुगा तिनं पाहिला होता आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. मंडळानं एकदा घरोघर वाटायला पत्रक काढलं, जुन्या विटेला सिमेंट लावू नका म्हणून. गावातल्या प्रत्येक घरात ते गेलं, फक्त केलरांच्या घरात गेलं नाही. ऑगीला बिचाऱ्याला नदीच्या उतारावर जाणं कधीच बंद झालं होतं, आणि रस्त्यावरून दिसायची ती पंपघराची पुढची बाजू. तो अजून पाहुण्यांना सांगायचा, जाऊन बघा माझी भिंत, केसाएवढी चीर सापडली तर थापी गिळतो.

आता त्या भिंतीला छिन्नी लागणार म्हटल्यावर गावभर बोलबाला होणार. कामगार येणार, चर्चच्या शुक्रवारच्या माशांच्या जेवणावळीत विषय निघणार, आणि कुणीतरी शहाणा ऑगीला भेटायला येऊन सांगणार, अरे, तुझी भिंत उकरताहेत. या माणसाकडे आता उरलं होतं काय? छाती गेली, पाय गेले, दोस्त गेले. एक भिंत उरली होती. तीसुद्धा त्याच्या डोळ्यांदेखत खोटी पाडायची?

"पुढची बाजू आधी घेऊ," ती म्हणाली. "लोकांना काम दिसलं पाहिजे. नदीकडचं वसंतात."

नदीननं चकित होऊन तिच्याकडे पाहिलं. मग तिनं पुन्हा समजावलं, सावकाश, मुलांना सांगावं तसं. एका हिवाळ्यात काय होईल सांगता येत नाही, असंही म्हणाली. विल्मा म्हणाली, पन्नास हिवाळे काढलेत त्या भिंतीनं, आणखी एक काढेल. लोवेलनं लगेच हात वर केला. त्याच्यामागे सगळ्यांचे हात वर गेले. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. सगळ्यांना वाटलं, आपण एका म्हाताऱ्यावर उपकार करतोय, आणि विल्माइतकं नवऱ्याला जपणारी बाई गावात दुसरी नाही.

वसंत म्हणजे काय, ते मात्र विल्माच्या एकटीच्या मनात स्पष्ट होतं. नाताळ दिसला तर नशीब. वसंत येईल तेव्हा ऑगी नसेल, आणि मग खुशाल उकरा. हा विचार तिनं शब्दांत कधी मांडला नाही, पण केला तिनंच. त्या रात्रीपासून नवऱ्याला औषध देताना तिची नजर खाली असायची.

ऑक्टोबर गेला. पंपघराची पुढची बाजू धुऊन निघाली, दारांना जुना हिरवा रंग चढला, मोडक्या कमानीत नवी लाकडं बसली. ऑगीला विल्मा रोजची बातमी द्यायची आणि तो खोड्या काढत ऐकायचा. सुतार डावखुरा आहे का गं? दार तिरकं बसवलंन म्हणतात. नदीकडचं काय करताहेत? ती म्हणायची, तिकडे करण्यासारखं काही नाही म्हणे. यावर तो खुर्चीत मागे रेलून डोळे मिटायचा आणि तोंडभर हसायचा. ते हसू पाहून विल्माला वाटायचं, आपण केलं ते बरोबरच केलं.

आणि मग नाताळ आला, आणि ऑगी काही गेला नाही. उलट त्यानं हॅम कापला, दोनदा मागून घेतला, नातवंडांना दम दिला. जानेवारीत त्याचा रंग सुधारला. डॉक्टर म्हणाला, म्हातारा चिवट आहे. विल्माला आनंद झाला, खरंच झाला, ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. पण खिडकीबाहेर बर्फाच्या पागोळ्या लोंबायला लागल्या की तिला भिंत दिसायची. नवरा जगावा आणि त्याला कळू नये, दोन्ही तिला हवं होतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नाही हे तिला दिसत होतं.

त्या वर्षी हवामानानं डाव साधला. एक दिवस पाऊस, दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी, पुन्हा ऊन, पुन्हा पाऊस. नदीननं भिंतीवर ताडपत्री बांधली होती, तिच्या पहिल्याच वादळात चिंध्या झाल्या. मार्चच्या मध्यावर एका लख्ख दुपारी गावात भोंगा वाजला. विल्मा कपड्यांच्या घड्या घालत होती. लोवेलचा फोन आला. नदीकडच्या भिंतीचा बाहेरचा थर खालपासून फुगून सुटला आणि धाडदिशी नदीत बसला. कुणाला लागलं नाही. पण आतल्या थरालाही बाक आलेला आहे, तोही उतरवावा लागणार.

फोन ठेवून वळते तो ऑगी दारात उभा. नळी ताणून ताणून आला होता.

"काय पडलं?"

तिला खोटं सुचेना. ती म्हणाली, पंपघराची भिंत. त्यानं विचारलं, कुठली? ती पुन्हा कपड्यांच्या घड्या घालायला लागली. तो म्हणाला, गाडी काढ.

तिनं नाना सबबी सांगितल्या. रस्ता निसरडा आहे, गार वारा आहे, बाहेर न्यायची तुझी ऑक्सिजनची टाकी अर्धी झालीय. तो एका हातानं भिंतीचा आधार घेत घेत कोटापाशी गेलासुद्धा. शेवटी तिनंच हात टेकले.

पंपघरापाशी फायरब्रिगेडची गाडी होती, थोडी गर्दी होती. ऑगीला पाहताच माणसं बाजूला सरली, काहींनी टोप्या सावरल्या आणि नजर दुसरीकडे वळवली. विल्मानं गाडी काठाच्या टोकाशी नेली. तिथून भिंत दिसत होती. भिंत कसली, भलंमोठं भगदाड. ऑगी बराच वेळ काच खाली करून पाहत राहिला. मग चिखलातून वर येणाऱ्या नदीनला त्यानं हाक मारली.

"ए पोरी, एक वीट आण बरं."

नदीननं त्याला कधी पाहिलं नव्हतं. असेल कुणी हौशी म्हातारा, असं तिला वाटलं. तिनं हाताला लागला तो तुकडा उचलून दिला. दोन अर्धवट विटा आणि मधे सिमेंटची दरज. ऑगीनं विटेवर अंगठा दाबला, ती भाकरीसारखी चुरली. सिमेंटवर नख मारलं, ओरखडासुद्धा उठला नाही. त्यानं पुन्हा वीट दाबली, पुन्हा सिमेंट पाहिलं. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तुम्ही गवंडी होता का, आजोबा?" नदीननं विचारलं.

"होतो. वाचली असती का ही?"

"वाचली असती की. सप्टेंबरात सांगितलं होतं मी. खालच्या दरजा छिन्नीनं मोकळ्या केल्या असत्या, तरी हा हिवाळा निघाला असता. मंडळ म्हणालं, वसंतात बघू." तिला रागच आला होता, आणि राग येण्याचा हक्कही होता. "का म्हणाले, ते देवाला ठाऊक."

"दरजा मी भरल्या होत्या," ऑगी म्हणाला.

नदीनचा चेहरा पांढराफटक पडला. ती काहीतरी बोलायला लागली, तसा त्यानं हात वर करून तिला थांबवलं. म्हणाला, माझा बाप चुनाच मळायचा. मी त्याला म्हातारा म्हणून हसायचो. तू बरोबर सांगितलं होतंस, जा, कामाला लाग.

ती गेल्यावर त्यानं काच वर केली.

"तुला सप्टेंबरपासून ठाऊक होतं," तो म्हणाला.

"त्याच्या आधीपासून."

"आणि माझ्यापाशी चकार शब्द काढला नाहीस."

"तुला वाईट वाटलं असतं, ऑगी."

"वाटलं असतं ना. मग? वाटू द्यायचं होतं." त्याला धाप लागली, तो थांबला. "तेव्हा मी जिना चढत होतो, विल्मे. खाली स्टूल टाकून बसलो असतो. चार-चार विटा रोज. माझ्या हातची चूक माझ्या हातानं काढली असती. तेवढं काम होतं की माझ्या जोगतं."

विल्मा स्टिअरिंग धरून बसली होती. तिला म्हणायचं होतं, की धुळीनं तू मेला असतास. पण ते खरं कारण नव्हतं, आणि खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, वसंतातच का म्हणालात? थंडीनंतर म्हणजे मे. मे का? त्यानं विचारलं आणि विचारता विचारताच त्याला उत्तर सापडलं. त्यानं वळून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर तिला सोसला असता.

"मी नसणार होतो," तो म्हणाला. "तुम्ही सगळ्यांनी मला मेलेला धरलात. तूसुद्धा."

ती रडायला लागली. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, की झिडकारलंही नाही. भिंतीकडे पाहत राहिला, आणि तिचं रडणं थांबल्यावर म्हणाला, चल घरी.

त्यानंतर तो वसंतभर जगला. भांडला नाही, रुसला नाही. दिलेलं औषध घ्यायचा, दिलेलं सूप प्यायचा. खारट, आळणी, काही म्हणायचा नाही. विल्मानं एकदा मुद्दाम मूठभर मीठ टाकून पाहिलं, त्यानं मुकाट्यानं बशी रिकामी केली आणि आभार मानले. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, या माणसानं तिचे कधी आभार मानले नव्हते. आता पाण्याचा ग्लास हातात दिला तरी मानायचा. तिनं माफी मागितली, एकदा नाही, अनेकदा. तो म्हणायचा, जाऊ दे गं, तुझ्या मनात वाईट नव्हतं, ठाऊक आहे मला. आणि मग खिडकीकडे तोंड करून बसायचा. पंपघराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. तिनं काढलं तर म्हणायचा, तुमच्या मंडळाचं तुम्ही बघा.

मे महिन्यात नदीनची माणसं चुना घेऊन आली. नव्या विटा, जुन्यासारख्या दिसणाऱ्या. भिंत कमरेएवढी चढली होती तेव्हा ऑगी गेला. दुपारी झोपला तो उठला नाही. विल्मा शेजारच्या खुर्चीतच बसलेली होती, आणि तरीही तो गेला ते एकट्यानंच गेला असं तिला वाटलं.

दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅम, बटाट्याचं सॅलड, बायकांनी आणलेले ॲपल पाय. सगळं गाव आलं होतं आणि प्रत्येकजण तिला सांगत होता, पंपघर आज उभं आहे ते ऑगीमुळे. ती मान हलवत होती. लोवेल तिच्याजवळ खुर्ची ओढून बसला. त्याचे डोळे सुजले होते, ऑगीवर त्याची मनापासून माया होती. त्यानं तिचा हात हातात घेतला.

"एक मात्र चांगलं केलंस, विल्मा," तो हळू आवाजात म्हणाला. "आपण सगळ्यांनीच केलं. बिचाऱ्याला सप्टेंबरात काही कळू दिलं नाही. सांगून तरी काय फरक पडला असता?"

"भिंत राहिली असती," विल्मा म्हणाली.

तिनं त्याच्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि पुढ्यातली बशी बाजूला सारली.

"आणि तो माझ्याशी भांडत भांडत गेला असता," ती म्हणाली.